आधी विरजण, मग मासे

आमच्या पारशिवनीकडे घरामागच्या जागेला सांदवाडी म्हणतात. चार-सहा हात मोकळी जमीन, मोरीचं पाणी जिथे जातं तिथे केळ नाहीतर अळू, कुंपणावर वालाचा वेल, कोपऱ्यात गोडलिंब आणि पावसाळ्यात अंबाडी. विदर्भातल्या कितीतरी घरांची संध्याकाळची भाजी अजूनही या सांदवाडीतूनच येते. माझ्या सांदवाडीत गेली दोन वर्षं मासेही आहेत. आणि गंमत म्हणजे भाजी त्या माशांच्या पाण्यावर वाढते, मातीशिवाय.

या प्रकाराला अ‍ॅक्वापोनिक्स म्हणतात. नाव मोठं भारदस्त आहे, पण प्रकार साधा आहे. एका टाकीत मासे. ते पाणी पंपाने चढवून गिट्टी भरलेल्या वाफ्यात सोडायचं. गिट्टीत लावलेल्या पालकाने, सांबाराने (पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींनो, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात बरं!) त्यातलं खत घ्यायचं आणि स्वच्छ झालेलं पाणी पुन्हा टाकीत यायचं. बस्स.

हे पाहायला येणाऱ्या बायका खूप प्रश्न विचारतात. "ताई, खर्च किती येते?" "नफा होते का?" "वास नाही येत का वो?" सगळे रास्त प्रश्न. पण एक प्रश्न मला अजून कुणी विचारला नाही, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे असं मला वाटतं. तो म्हणजे, 'हे रोज बघायचं कोणी?' आज मला त्याविषयीच लिहायचं आहे. पण त्याआधी हे काम कसं चालतं ते नीट समजून घेऊ, कारण ते समजल्याशिवाय या प्रश्नाचं वजन कळत नाही.

आपल्या तलावांचंच धाकटं भावंडं

मासे आणि पीक एकाच पाण्यावर ही कल्पना काही परदेशातून आलेली नाही. चीनमध्ये भातखाचरात मासे सोडायची रीत शेकडो वर्षांची आहे. मेक्सिकोत उथळ तळ्यात गाळाचे वाफे उचलून त्यावर शेती होत असे. आणि लांब कशाला जायचं? भंडारा, गोंदिया, चंद्रपूरचे मालगुजारी तलाव आठवा. कोहळी समाजाने बांधलेल्या या तलावांच्या पाण्यावर धान पिकायचं, तलावात ढिवर बांधव मासे धरायचे, शिंगाडा लावायचे आणि उन्हाळ्यात उपसलेला गाळ शेतात जायचा. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि पुढे बऱ्याच तलावांची देखभालही संपली. अलीकडे याच भागात मनीष राजनकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांसोबत ढिवर समाजाच्या बायकांनी तलावात उतरून बेशरमची झुडपं उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या आणि तलाव पुन्हा जिवंत केले. पाण्यातली वनस्पती आणि मासा यांचं नातं त्या बायकांना कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं.

आजचं अ‍ॅक्वापोनिक्स म्हणजे हीच गोष्ट टाकीत आणि ड्रममध्ये बसवलेली. अमेरिकेच्या व्हर्जिन आयलंड्समध्ये जेम्स राकोसी या प्राध्यापकांनी १९८० च्या सुमारास त्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू केला. पुढे ट्रॅव्हिस ह्यूई नावाच्या गृहस्थांनी प्लास्टिकच्या जुन्या ड्रममध्ये ते कमी खर्चात करून दाखवलं. २०१४ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने घरगुती अ‍ॅक्वापोनिक्सवर एक सविस्तर पुस्तिकाच काढली. तेव्हा हे काही कुणाचं गुपित नाही. 'गुपित तंत्र' म्हणून हजारो रुपये मागणाऱ्याला दारातूनच नमस्कार करावा.

विरजण लागल्याशिवाय दही नाही

आता मुख्य मुद्दा. मासे पाण्यात अमोनिया सोडतात. हा अमोनिया साचला की माशांनाच विष होतो. गिट्टीवर दोन प्रकारचे जीवाणू वस्तीला येतात. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही माशांना घातकच. दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि ते झाडाचं खत. म्हणजे टाकी, पंप, गिट्टी हा नुसता सांगाडा झाला. खरं काम करणारे कामगार डोळ्यांना दिसत नाहीत.

हे जीवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. दूध कोमट करून विरजण लावलं की आपण रात्रभर भांडं हलवत बसत नाही. तसंच इथेही थांबावं लागतं. पाणी फिरतं ठेवायचं, रोज चिमूटभर माशांचं खाद्य टाकायचं. ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जीवाणूंना अन्न मिळतं. मत्स्यालयाच्या दुकानात पाणी तपासायचा संच मिळतो. त्यावर आधी अमोनिया चढताना दिसतो, मग तो उतरतो आणि नायट्राइट चढतं, मग तेही उतरतं आणि नायट्रेट दिसू लागतं. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्याच्या आसपास आले की समजावं, दही लागलं. मग मासे आणायचे. कुणाकडे चालू असलेलं निरोगी मत्स्यालय असेल तर तिथली मूठभर गिट्टी आणून आपल्या वाफ्यात टाकली तर काम लवकर होतं. हे खरोखरीचं विरजणच! थंडीत मात्र दही उशिरा लागतं तसं इथेही होतं, म्हणून सुरुवात डिसेंबर-जानेवारीत करू नये.

नळाचं पाणी थेट घालायचं नाही. त्यातल्या क्लोरीनने जीवाणू मरतात. उघड्या टाकीत एक-दोन दिवस उन्हा-वाऱ्यावर ठेवलं की क्लोरीन उडून जातो.

माझ्या सांदवाडीतलं मोजमाप

नव्याने करणारीसाठी माझ्याकडचा हिशेब सांगते. ५०० लिटरची प्लास्टिकची टाकी, त्यात ४०० लिटर पाणी. २०० लिटरचे दोन निळे ड्रम उभे चिरून त्यांचे चार वाफे. ड्रम घेताना त्यात आधी काय होतं हे विचारायलाच हवं. औषधाचा किंवा रसायनाचा ड्रम फुकट मिळाला तरी नको. चारही वाफ्यांची मिळून साधारण २ चौरस मीटर जागा होते. गिट्टी सुपारीएवढी, धुतलेली. तिच्यावर लिंबू पिळून बघावं. फेस आला तर तो चुनखडीचा दगड, तो घ्यायचा नाही. त्याने पाण्याचा आम्ल-अल्कतेचा तोल बिघडतो. गिट्टीने भरलेला, भिजलेला एक वाफा दीडशे किलोच्या वर जातो. तेव्हा खाली विटांचा पक्का आधार हवा आणि जुन्या गच्चीवर हा उद्योग मुळीच नको.

पंप दर तासाला पंधरा मिनिटं चालतो. पाणी चढतं, मुळं भिजतात. मग पाणी उतरतं आणि मुळांना हवा मिळते. पाणी गिट्टीच्या वरच्या थराच्या दोन बोटं खालीच राहिलं पाहिजे, म्हणजे शेवाळ आणि डास दोन्ही होत नाहीत. वाफे भरताना टाकीतली पातळी उतरते, ती निम्म्याखाली जाऊ नये हे आधीच बघून घ्यावं. जोडीला हवेचा छोटा पंप अखंड चालू. दोन्हींची मिळून महिन्याला दहा ते पंधरा युनिट वीज लागते. नागपूरकडे घरोघरी कुलर, त्यामुळे कुलरचा पंप वापरायचा मोह होतो. तो चालतो, पण पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद, हा नियम घरातल्या लहान पोरालाही पाठ असला पाहिजे. दर उन्हाळ्यात कुलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचतोच. शॉक लागताच वीज तोडणारं यंत्र मेन बोर्डावर बसवून घ्या, त्यात काटकसर नको. आणि टाकीवर घट्ट जाळी हवी, मांजरासाठी, बगळ्यासाठी आणि त्याहून जास्त रांगत्या लेकरासाठी.

तांब्या-पितळेची तोटी, जस्ताचा पत्रा यातलं काही या पाण्यात नको. तांब्याच्या हंड्यातलं पाणी आपण आरोग्यासाठी पितो, पण माशांना तांबं मानवत नाही.

आता मासे. ४०० लिटर पाण्यात वाढ पूर्ण झाल्यावर चार-पाच किलोंपेक्षा जास्त मासे नवख्या बाईने ठेवू नयेत. म्हणजे बोटुकली आणताना पंधराच्या आसपास. आमच्याकडची थंडी बघता सायप्रिनस चांगला टिकतो. पंगस काटक, पण कडाक्याच्या थंडीत त्याचं काही खरं नसतं. रोहू-कतल्याला मोठं तळंच हवं. थाई मागूरच्या पालनाला देशात बंदी आहे आणि तिलापियाला परवानगी लागते, म्हणून 'घ्या, लवकर वाढते' म्हणून कुणी पिशवीत घालून दिलं तरी घेऊ नये. आणि घरात मासे चालत नसतील तर? गोल्डफिश सोडा! पालकाला काय, खत कुणी दिलं याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

पाच किलो माशांना दिवसाला साधारण ७५ ते १०० ग्रॅम खाद्य लागतं आणि तेवढ्या खाद्यावर २ चौरस मीटर पालेभाजी पोसते. हे प्रमाण सांभाळलं की गाडी रुळावर राहते. सुरुवात पालक, सांबार, पुदिना, आंबट चुका यांनी करावी. टमाटर, वांगी, मिरची यांना खत जास्त लागतं, ती दुसऱ्या वर्षी. मुळा-गाजराच्या नादी लागू नये.

मे महिना आणि मासा

पुस्तकात लिहिलेलं सगळं नागपूर जिल्ह्यात चालतंच असं नाही. आमचा मे महिना ४५ अंशांचा. पाणी तापलं की त्यात हवा कमी विरघळते. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. आणि नेमका तेव्हाच माशाला जास्त लागतो. मग पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडबंद करू लागतात. त्यात वीज गेली तर मोजकेच तास हाती असतात. म्हणून टाकी अर्धी जमिनीत, वर हिरवी जाळी, पश्चिमेला वेलाचा मांडव आणि बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी. तेही नसेल तर तांब्याने पाणी उचलून उंचावरून टाकीतच ओतत राहायचं. मागच्या उन्हाळ्यात एका रात्री वीज गेली, तेव्हा मी आणि शेजारच्या वहिनी आळीपाळीने पहाटेपर्यंत हेच करत होतो. मासे वाचले.

'नव्वद टक्के पाणी वाचते' असं जाहिरातीत म्हणतात. पाणी पुन्हा पुन्हा फिरतं, त्यामुळे वाफ्याला पाट सोडण्यापेक्षा ते खूपच कमी लागतं हे खरं. पण उन्हाळ्यात बाष्प होऊन जे जातं ते रोज भरावंच लागतं. नवेगाव खैरीचं धरण आमच्या तालुक्यात, त्याच्या वर तोतलाडोह. पेंचचं पाणी नागपूर शहराची तहान भागवतं. पण धरणाजवळ राहणं म्हणजे नळाला चोवीस तास पाणी असणं नव्हे. उन्हाळ्यात टाकीत रोज भर घालण्याइतकं पाणी घरी येतं का, आणि ते भरतं कोण, हे आधी बघा.

मासा खोटं बोलत नाही

मग एवढा खटाटोप करायचा कशाला? माझं उत्तर एकच आहे, विष. कपाशीचा आणि मिरचीचा हा पट्टा. फवारणीचा पंप घराघरात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, ते आपण विसरलेलो नाही. बाजारातल्या भाजीवर काय मारलंय हे धुऊन कळत नाही. पण ज्या पालकाच्या मुळाखालचं पाणी माशाच्या कल्ल्यांतून जातं, त्या पालकावर तुम्ही काही फवारूच शकत नाही. तंबाखूचा काढासुद्धा नाही. औषध मारलं की मासा उलटा पडलाच. अळी हाताने वेचायची, मावा पाण्याच्या फवाऱ्याने पाडायचा. ही भाजी बिनविषारी आहे याची हमी तो मासाच देतो.

शिवाय आपल्या ताटाचाही प्रश्न आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. हिरवी भाजी आणि मासे हे दोन्ही तिच्या ताटात यायला हवेत, यात दुमत नसावं.

आता तो न विचारलेला प्रश्न

सकाळी दहा मिनिटं: मासे कसे पोहतात बघायचं, खाद्य द्यायचं, उरलेलं खाद्य काढायचं. संध्याकाळी दहा मिनिटं: पाण्याची पातळी, पंप, अळ्या. रविवारी एक तास: पाणी तपासणी, गाळणी धुणं, नवीन रोपं. बेरीज करून बघा, वर्षाला पावणेदोनशे तास होतात! त्या बदल्यात मिळतात पाच-सात किलो मासे आणि घरापुरती पालेभाजी. एक किलो मासा तयार व्हायला दीड-दोन किलो खाद्य विकत आणावं लागतं, हेही लक्षात घ्या. यातून लखपती कुणी होत नाही. 'घरबसल्या महिन्याला पन्नास हजार' म्हणणाऱ्यांना २०१२ चं तामिळनाडूतलं इमू पालनाचं आणि २०१९ चं इस्लामपूरचं कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण आठवून देत जा. तेव्हा किती बायकांचे दागिने आणि बचती बुडाल्या असतील!

माझा आक्षेप या पावणेदोनशे तासांना नाही. मला ते आवडतात. आक्षेप आहे तो ते तास कुणाच्याच हिशेबात नसण्याला. टाकीचा खर्च, पंपाचा खर्च, खाद्याचा खर्च सगळे लिहितात; बघणारीचा वेळ कुणी लिहीत नाही. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २९९ मिनिटं निघाली आणि पुरुषांची ९७. त्यात ही वीस मिनिटं आणखी टाकायची असतील, तर दुसरीकडची वीस मिनिटं कुणीतरी उचलली पाहिजेत. सांदवाडीतलं काम 'तिला आवडतं' म्हणून तिच्यावर टाकलं जातं, आणि आवड हळूहळू कधी कामाची सक्ती होते ते कळतही नाही. दूध काढणारीच्या हाती दुधाचे पैसे येत नाहीत, हे आपण गोठ्यात पाहिलं आहे. तेच टाकीत व्हायला नको.

ही व्यवस्था यंत्रावर चालत नाही, नजरेवर चालते. मासा आज खाद्यावर तुटून पडला नाही, पानाची शिर हिरवी पण मधला भाग पिवळा पडला, म्हणजे लोह कमी झालं, पाण्याला वेगळाच वास येतोय. हे रोज बघणाऱ्यालाच कळतं. पोळी फुगायच्या आधी जिला कळतं, दूध उतू जायच्या आधी जी उठते, तिच्याकडे ही नजर असतेच. मग त्या नजरेला कारभारीण म्हणायला काय हरकत आहे?

म्हणून माझं सांगणं असं. टाकी आणण्याआधी घरात बसून तीन गोष्टी ठरवा आणि वहीत लिहा. पहिली, रोजचं काम कुणाचं, आणि ती माहेरी गेली किंवा आजारी पडली तर कुणाचं. दुसरी, किती मासे, कोणती भाजी, कधी काढायची, कुणाला विकायची हे ठरवणार कोण. तिसरी, विकलं तर पैसा कुणाच्या खात्यावर. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिलांसाठी अर्थसाहाय्य ६० टक्के ठेवलं गेलं, सर्वसाधारण गटाला ४० टक्के. अशा योजनेसाठी पुढे कधी कागद रंगवायची वेळ आली तर नाव बाईचं आणि कारभार दुसऱ्याचा, असं होऊ देऊ नका.

एकटीला झेपत नसेल तर बचत गटाने मिळून एक टाकी करावी. 'उमेद'च्या गटांनी पोषण परसबागा लावल्याच आहेत. त्यातल्या एखाद्या गटाने पाच जणींत वार वाटून घेतले तर प्रत्येकीच्या वाट्याला आठवड्याचे दीड दिवस येतात आणि माहेरपणही चुकत नाही. नागपूरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, तिथल्या शिक्षकांना एकदा गावात बोलवा, पाणी तपासायला शिकवा म्हणा. सुरुवात एका टाकीने, चार वाफ्यांनी. सहा आठवडे थांबून. घाई विकणाऱ्याला असते, आपल्याला कशाला?

आणि हो, पहिला मासा तव्यावर पडेल तेव्हा मधला तुकडा कुणाच्या ताटात वाढायचा, हेही त्याच वहीत आधीच लिहून ठेवा.